सदाशिवच्या सुऱ्या

माझ्याबरोबर कारखान्यात ड्रॉइंग काढणारा सदाशिव नोकरी सोडून आता फक्त मागणीप्रमाणे सुऱ्या घडवतो. परवा त्याच्या शेडवर गेलो, तेव्हा एक खानावळवाल्या बाई आपली सुरी न्यायला आल्या होत्या. अपघातात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, म्हणून सदाशिवने मूठ त्याच हाताच्या मापाने केली होती. त्यांनी कांदा चिरून पाहिला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "किती वर्षांनी चिरला हो!"

माझ्या ड्रॉइंगमुळे कुणाचं काय अडलं किंवा सुटलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मला त्याचा हेवा वाटला.

"भागतं का रे यात?" मी मुद्दाम विचारलं.

"कसंबसं," तो म्हणाला.

ते ऐकून मला बरं वाटलं, आणि घरी पोचेपर्यंत त्याचीच लाज वाटत राहिली.