उद्याचे कपडे

त्या दिवशी मी कामावर गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. घरात बायको तापानं फणफणली होती, डोळे उघडत नव्हते, आणि मी कामावर गेलो. का गेलो, तर मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या वलणीवर माझं धोतर, सदरा, कोट, टोपी असं सगळं रोजच्यासारखं ओळीनं मांडलेलं होतं. कपडे तयार दिसले, ते अंगात घातले आणि निघालो. जळगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून. कापसाचा हंगाम होता, गाड्यांची रांग लागलेली. दुपारी शेजारचे तात्या धापा टाकत फाटकाशी आले आणि एवढंच म्हणाले, "नाना, घरी चला." मी विचारलं, "शुद्धीवर आहे ना?" तात्या माझा दंड धरून चालूही लागले होते... घराकडे धावताना कोटाशी चाळा करत असलेल्या माझ्या बोटांना कळलं, की आदल्या दिवशी लोंबत असलेली गुंडी आता पक्की बसवलेली आहे. म्हणजे अंगात एवढा ताप असताना ती सुईदोरा घेऊन बसली होती, आणि मी बाजूलाच पेपर वाचत होतो.

तिचं नाव भागाबाई. ती असताना चारचौघांत मी ते कधी घेतलं नाही, आता घेतो. एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा अस्सल खानदेशी बोलायची. मी चार बुकं शिकलेला, शहरात राहणारा. तिच्या बोलण्याची थट्टा करणं हा माझा आवडता उद्योग. तिच्या बोलीत उद्याला 'सकाय' म्हणतात, आणि सकाळलाही 'सकाय'च. मी म्हणायचो, "अगं, उद्या म्हण, उद्या." एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुमना उद्या कधी येस का? मन्ही सकाय रोज येस." मी खो खो हसलो आणि दुसऱ्या दिवशी जिनात हा किस्सा सगळ्यांना ऐकवला. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आज मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

पुढे लढाई सुरू झाली आणि कापड दिसेनासं झालं. रेशनच्या दुकानापुढे उभं राहून हाती लागायचं ते मांजरपाट. घरात आम्ही पाच माणसं, मी, ती, दोन मुलगे आणि धाकटी कुसुम. आणि प्रत्येकाचे अंगावर एक नि दोरीवर एक, एवढेच कपडे. पण आमच्या घरात सकाळी कधी आरडाओरडा झाला नाही. इतरांकडे सदरा ओला, चड्डीची नाडी गायब, टोपी कुणी घेतली, असा गोंधळ रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. हिचं धुणं संध्याकाळीच. मागच्या विहिरीवर धुवायचं, पिळून वाऱ्यावर टाकायचं, दमट असतानाच तांब्यात निखारे घालून तो इस्त्रीसारखा फिरवायचा, आणि दिवा मालवायच्या आत ज्याचे त्याचे कपडे वलणीवर ज्याच्या त्याच्या जागी. माझे दाराजवळ, मग मुलांचे, आणि खिडकीपाशी कुसुमचं परकर-पोलकं. जिनात मला 'भोंगा' म्हणायचे. नाना फाटकात शिरले म्हणजे भोंगा वाजलाच समजा! मला याचा भारी अभिमान. घरचं सगळं तंत्र माझ्या वक्तशीरपणासाठी चालतं, अशी माझी पक्की समजूत होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

ती गेल्यावर पहिले काही दिवस कसे गेले ते विचारू नका. स्वयंपाकाला एक बाई लावली, पण कपड्यांचं काय करायचं हे मला सुचेना. एकदा मी मुलाला उलटा सदरा घालून शाळेत पाठवलं. एकदा ओलं धोतर नेसून कामावर गेलो आणि दिवसभर शिंकत बसलो. आणि मग एक दिवस वलणीवर कपडे दिसले. घडी जरा वेडीवाकडी, पण कपडे तेच आणि जागेवर. दुसऱ्या दिवशीही दिसले. सकाळ पुन्हा सुरळीत झाली, मी पुन्हा भोंग्याच्या आधी फाटकात. हे कोण करतं, असा प्रश्न मला पडला नाही. खरंच पडला नाही. तिनं लावलेली शिस्त अजून टिकून आहे, असं मी जिनात डोळे पुसत सांगितलं, आणि लोकांनी माना डोलावल्या.

महिन्याच्या श्राद्धाला तिची थोरली बहीण अक्का आली आणि चार दिवस राहिली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला वलणी दाखवली. "बघा अक्का, घर कसं रुळावर आलंय." हात दाखवून अवलक्षण, म्हणतात ते हे. अक्का वलणीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.

"पोरना हात दखा, नाना. हाई बठ्ठं कोन करस, ठाऊक शे का तुमले?"

मी कुसुमला हाक मारली. तिची बोटं सोड्यानं सोललेली होती. ती चौथीत, आणि मुलींची शाळा सकाळची. "शाळेत जातेस ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "जाते की... धुणं झालं की जाते. आईसारखं संध्याकाळी नाही जमत, अंधारात विहिरीकडे भीती वाटते. उशीर झाला तर बाई आत घेत नाहीत, मग परत येते." एवढं सांगून ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू चूक तिचीच होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुसुम आत गेल्यावर अक्का बोलली. "बहीण मन्ही गई, आनि तिनी जागावर तुम्ही पोरले बठाडी दिनं. ती मले काय सांगे, माहीत शे? सकायनं बठ्ठं काम मी आजच उरकी टाकस. सकाय घरमा कामच ऱ्हायनं नही, म्हंजे पोरले 'शाळामा जावू नको' असं कोनी सांगाव नही."

म्हणजे ते धुणं, ते निखारे, ती वलणी... ते सगळं माझ्या भोंग्यासाठी नव्हतंच. अक्कानं सांगितलं, की तिला लहानपणी 'आज घरी काम आहे' म्हणून शाळेतून काढलं, तिच्यामागून हिलाही काढलं. ते रोज सकाळी एकेका दिवसापुरतं सांगितलं जायचं, आणि असे दिवस जमत जमत शाळा सुटली. ते कुसुमचं होऊ नये म्हणून हिनं सकाळच मोकळी करून ठेवली होती. इतकी वर्षं त्या वलणीखालून मी ये-जा केली आणि मला हे माहीत नव्हतं.

"नहीते मी तिले लई जास," अक्का म्हणाली. "आमना गावमा पोरीस्नी शाळा नही, पन मावशी ते शे."

मी हात जोडले. म्हटलं, तिला नेऊ नका, आजपासून हे माझं काम. आणि त्या संध्याकाळी मी स्वतः विहिरीवर बसून धुणं धुतलं. शेजारपाजारचे बघत होते, त्यांना बघू दिलं. निखाऱ्यांनी हात भाजला. धोतर, सदरे, चड्ड्या, टोप्या, सगळं मी वलणीवर मांडलं, लांब उभा राहून पाहिलं आणि अक्कालाही बोलावून दाखवलं. तिनं बघितलं आणि ती आत गेली. तिचं मन वळलं असं समजून मी झोपलो.

सकाळी मुलं भराभर तयार झाली. मी कोटाच्या गुंड्या लावत होतो, तेव्हा आंघोळ करून आलेली कुसुम पंचा गुंडाळून वलणीपाशी उभी राहिलेली दिसली. ती खिडकीकडच्या टोकाकडे बघत होती. तिथे दोरी रिकामी होती. तिचे कपडे मी धुतलेच नव्हते. ते मोरीत तसेच पडले होते. विसरलो म्हणावं, तर तेही खरं नाही. घरातल्या सगळ्यांचे कपडे मांडायचे, असं ठरवून मी बसलो, आणि त्या सगळ्यांत ती माझ्या मनात आलीच नाही.

अक्का दारात उभी होती. मला वर बघवेना.

"राहू द्या ना, नाना," कुसुम म्हणाली, "माझं मी धुऊन घेते. त्यात काय."