चिंधी बांधलेली वांगी

सुखदेव गेला त्याला आता दीड महिना झाला. अकोल्याहून त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. 'बाबा गेले' असं तिनं सांगितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं... आता विचारणारं कुणी उरलं नाही. बारा वर्षं मी एक गोष्ट टाळत आलो, बायकोलासुद्धा सांगितली नाही. ती वगळून सुखदेववर चार चांगले शब्द लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं बोलणं होईल. म्हणून आज सांगतो.

मी निवृत्त झालो तेव्हा अमरावतीच्या घरामागची जागा नुसती पडून होती. तिथं भाजीपाला लावायचा असं बायकोनं ठरवलं. बत्तीस वर्षं कृषी खात्यात काढलेला मी काही स्वतः कुदळ धरणार नव्हतो, त्यामुळे माणूस शोधला. सुखदेव सायकलवर आला. साठीचा, काटक, डोक्याला दुपट्टा. मी खुर्चीत बसून त्याची तोंडी परीक्षा घेऊ लागलो, कोणतं खत कधी, किती. तो उकिडवा बसून जमीन उकरत होता. "इथं मुरूम टाकेल हाय, साहेब. याची पयले माती करा लागन," तो म्हणाला आणि मान वर करून त्यानं विचारलं, "तुमी नोकरीत माती पाह्यली, का नुसते कागदच?" बायको खळखळून हसली. मीही हसलो, पण ते वाक्य मी मनात ठेवलं.

कामावर येण्यासाठी त्यानं एकच अट घातली. कुंपणाजवळच्या दोन ओळींत तो त्याची वांगी लावणार. त्याचं गाव आणि शेत धरणाखाली गेलं होतं. तिथल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याचं बी तेवढं त्याच्या बायकोनं पदरात बांधून आणलं होतं. पुढे तीही गेली. शहरात भाड्याची एक खोली, मातीचा तुकडा नाही. दरवर्षी लावलं नाही तर बी मरतं, म्हणून त्याला जागा हवी होती. वांगी तुम्हीच खा, मला फक्त बियाची पाच-सहा द्या, असं तो म्हणाला. फळ कोवळं असतानाच तो त्यातली चांगली हेरायचा आणि देठाला बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायचा. चिंधी बांधलेलं वांगं तोडायचं नाही, ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. ही पद्धत मला काही नवी नव्हती. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मला नाही.

बाग अशी फुलली की लोक बघायला येत. मी त्यांना सगळं हिंडून दाखवायचो आणि हा माझा प्रयोग आहे म्हणायचो. सुखदेव तिथंच वाफ्यांना पाणी देत असायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या खोलीचं छप्पर गळलं, बियाचं गाठोडं भिजलं. बुरशीतून वाचलेलं सगळं बी त्यानं लावलं, त्यातली चारच झाडं जगली. त्यांवर पाच चिंध्या होत्या. त्याच सुमारास माझ्या हाताखाली काम केलेले दोन अधिकारी घरी जेवायला आले. बाग दाखवताना मी त्या वांग्यांकडे बोट केलं आणि म्हटलं, सुखदेव, ही काढ, भरीत होऊ दे यांच्यासाठी.

"ते बियाचे हायेत, साहेब. ते नाई तोडत. दुसरे देतो."

मी म्हटलं, बाग माझी आहे.

"बाग तुमचीच हाय. बी माह्या बायकोचं हाय." तो शांतपणे बोलला. पाहुण्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "साहेब, इथले साहेब तर हे दिसतात." बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालचं कुणी मला नाही म्हणालं नव्हतं.

पाहुणे गेले. दुपारी सुखदेव जेवायला खोलीवर गेला, बायको आत पडली होती. मी मागे गेलो. वानरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे मी नोकरीत कितीतरी केले होते. वानर फळ पुरतं खात नाही, दोन घास घेऊन फेकतं, झाड ओढून मोडतं, हे मला पाठ होतं. मी पाचही वांगी पिरगाळून तोडली. मग एकेक उचलून दातांनी चावलं, कडूशार घास थुंकले. चारही झाडं बुडातून मोडली. एक चिंधी सुटून हातात आली, ती खिशात घातली.

सुखदेव आला तेव्हा मीच त्याच्यावर ओरडलो. वानरं येऊन नासधूस करून गेली, तू काय करत होतास? त्यानं एक वांगं उचललं, फिरवून फिरवून पाहिलं. साहेब कच्चं वांगं दातांनी कुरतडेल हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. "काटे लावाले पायजे होते," एवढंच म्हणाला. त्या कोवळ्या वांग्यांतलं बी त्यानं वाळवलं आणि मला विचारलं, उगवन का? कोवळं बी उगवत नाही हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी म्हटलं, बघ टाकून. महिनाभर तो त्या रिकाम्या वाफ्याला पाणी देत राहिला... मी खिडकीतून बघायचो. रात्री जेवताना बायको एकदाच म्हणाली, "वांदरं आले तर मागच्या शेडच्या पत्र्यावर आवाज कसा नाई झाला?" मी आणखी भात वाढून घेतला. पुन्हा तिनं विचारलं नाही. पुढच्या हंगामात मी सुखदेवच्या हातात संकरित बियाण्याचं पाकीट दिलं आणि ऐकवलं की तुझ्या वांग्यापेक्षा दुप्पट येईल. आलंही. चिंधी मात्र त्यानं पुन्हा कशालाच बांधली नाही. गुडघे गेल्यावर तो मुलीकडे अकोल्याला निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. त्यानंतर एक दिवस मी अकोल्याची बस धरली. सोबत शेंदूरजन्याची संत्री आणि खिशात ती चिंधी. काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा घोकलं. सुखदेव बाजेवर होता, मला बघून उठायला धडपडला. मुलगी चहा करायला आत गेली, आता बोलावं म्हणून मी खिशात हात घातला, तेवढ्यात त्यानंच हात जोडले. "साहेब, तुमच्या बगिच्याचं नुसकान झालं माह्या हातून. त्या दिवशी मी लवकर याले पायजे होतो. मले माफ करजा."

आणि मी त्याला माफ केलं. "झालं गेलं, सुखदेव, मी कधी मनात ठेवलं नाही," असं म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मी चहा पिऊन उठलो. त्याची मुलगी परवा फोनवर सांगत होती, साहेबांनी माफ केलं, असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

चिंधी आता माझ्या टेबलाच्या खणात चष्म्याच्या डबीशेजारी आहे. हिरवा रंग बराच विटलाय, देठाभोवती बसलेला वळसा मात्र अजून गेलेला नाही. मी तो उलगडून ठेवतो, सकाळी पाहावं तर पुन्हा तसाच... बसमध्ये घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. सुखदेव, वानरं आली नव्हती. मी होतो. मला माफ कर.