न घेतलेल्या टीव्हीचे हप्ते

ही घटना सांगायला मला कागद काढावा लागत नाही, बाकीच्यांसाठी लागतो. नोकरीत असताना प्रत्येक तक्रारीला मी एक कोरा कागद घ्यायचो आणि त्यावर चार रकाने आखायचो. माहीत आहे, सांगतात, तपासायचे, संबंध नाही. आमचे हवालदार त्याला ‘साहेबांची किराणा यादी’ म्हणत. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ते सगळे कागद फायलीत लावून घरी आणले. त्यातल्या एकाच कागदावर मी एका रकान्यातून दुसऱ्यात लांबलचक बाण काढलेला आहे. तो कागद या घटनेचा.

तेव्हा मी सातपूर भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. जानेवारीतल्या एका मंगळवारी हप्त्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा वसुली प्रतिनिधी लेखी अर्ज घेऊन आला. एका फिटरने पितृपक्षाच्या सुमारास दुकानातून कर्जावर मोठा टीव्ही नेला, दोन हप्ते भरले आणि नंतर टीव्हीच घेतला नाही म्हणू लागला. फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, असे त्यात होते. अर्जासोबत कर्जाचा फॉर्म, आधारची प्रत, पगाराची पावती, सही, सगळे व्यवस्थित जोडलेले.

फिटरला बोलावले. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. दिवाळीनंतर त्याच्या कारखान्यातली एक लाइन बंद झाली आणि चाळीस जणांबरोबर तोही घरी बसला होता. वसुलीवाला बाकावर बसलेलाच होता.

“दादा, नोकरी गेली म्हणून हप्ता माफ होत नसतो,” तो म्हणाला.

“माझ्या घरात टीव्ही दाखवा, मग हप्ता घ्या.”

“विकला असशील.”

“हप्तेही मी नाही भरले. विकायचाच असता तर दोन हप्ते कशाला भरले असते मी? हौस म्हणून?”

“नोकरी होती तेव्हा भरले. गेली तेव्हा थांबले. तारखा बघा ना साहेब.”

तारखा खरोखरच जुळत होत्या. मी ‘माहीत आहे’च्या रकान्यात ते लिहिले आणि खाली एक ओळ टाकली: दोन्ही हप्ते रोखीने. पगार बँकेत येणारा माणूस रोखीने का भरेल? ती ओळ ‘तपासायचे’मध्ये गेली.

फिटरची अडचण वेगळीच होती. गोंदे इथल्या एका कंपनीत त्याची निवड झाली होती. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे आणि सोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला न्यायचा. तो दाखल्याचा अर्जही माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल केला असता तर दाखल्यावर तो चढला असता आणि नोकरी गेली असती. न करावा, तर कागद त्याच्या विरोधात बोलत होते. मी वसुलीवाल्याला सांगितले, ठाणे ही तुमच्या कंपनीची शाखा नाही. आधी चौकशी होईल, तोवर याच्या घरी जायचे नाही. हातात पाच दिवस होते.

दुपारी फिटरची आई डबा घेऊन आली. मूळची इगतपुरीकडची. मुलाला अटक झाली असे कोणीतरी तिला सांगितले होते.

“मावशी, अटक नाही. जबाब चाललाय,” मी म्हणालो.

“मंग जेवू तरी द्या त्याला. आन साहेब, तो कागद खोटा हाय.”

“कशावरून?”

“तवा पितरं चालली होती. पितरांत आमच्याकडं नवा झाडू पन येत नाय. टीव्ही कुठून येनार?”

सगळे हसले, मीही. तिने सांगितले की मुलगा श्रावणात दुकानात चौकशी करून, कागदपत्रांच्या प्रती देऊन आला होता. तिनेच दसऱ्याला घेऊ म्हणून थांबवले. दसऱ्यापर्यंत कारखान्यात कुजबुज सुरू झाली आणि टीव्ही राहून गेला. प्रती दिल्याचे मी ‘तपासायचे’मध्ये लिहिले. आणि ‘पितृपक्षात खरेदी करत नाहीत’ हे? ते लिहिले ‘संबंध नाही’मध्ये. कोर्टात काय सांगणार होतो?

बुधवार सह्या ताडण्यात गेला. फॉर्मवरची सही हुबेहूब होती. जरा जास्तच. आधारच्या प्रतीवर त्याने घाईत केलेल्या सहीचा शेवटचा फाटा जिथे मोडला होता, तिथेच फॉर्मवरही मोडला होता. पण एवढ्यावर कोणी ऐकणार नव्हते.

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता हवालदार म्हणाले, “साहेब, ती म्हातारी काही चुकीचं नाही बोलली. माझ्या मेव्हण्याचं भांड्यांचं दुकान आहे. त्या पंधरवड्यात तो शटर अर्धंच उघडतो. म्हणतो, वीज तरी वाचते.”

मी कप खाली ठेवला. एक कुटुंब खरेदी करत नाही याला पुरावा म्हणत नाहीत. पण अख्खे गाव खरेदी करत नसेल, तर त्या दिवसांत विकले गेलेले मोजता तरी येईल. मी कागद काढला आणि मावशीच्या वाक्यापासून ‘तपासायचे’पर्यंत बाण मारला.

नोटीस घेऊन दुकानात गेलो. मालक सरळ माणूस, त्याने विक्रीची नोंद पुढे ठेवली. पितृपक्षातली कर्जावरची विक्री: पहिला दिवस शून्य, दुसरा शून्य, तिसरा शून्य. एक मिक्सर, एक इस्त्री, पुन्हा शून्य. आणि सर्वपित्री अमावास्येला एकदम सहा टीव्ही, एकाच मापाचे.

“दुसऱ्या दिवशी घटस्थापना,” हवालदार म्हणाले. “सहा जणांना एक रात्र धीर निघाला नाही?”

सहाही टीव्ही एकाच टेम्पोतून गेले होते. टेम्पोवाला दुकानासमोरच उभा असायचा. त्याला आठवायला वेळ लागला नाही, कारण सहा ग्राहकांसाठी त्याने एकच फेरी मारली होती. घोटीला, एका लॉजवर.

लॉजमालक आम्हाला बघून आधी खोल्यांचे रजिस्टरच घेऊन आला. टीव्हीचे विचारल्यावर मोकळा झाला. दुकानातल्या कर्जाच्या काउंटरवरच्या माणसाने स्वस्तात, रोखीने दिले होते. पावती नंतर देतो म्हणाला होता.

“पितृपक्षात घेतलेत?” मी विचारले.

“उतरवून घेतले फक्त, साहेब,” तो कानाला हात लावत म्हणाला. “खोकी घटस्थापनेला फोडली.”

खोल्यांत टीव्ही लागलेले होते. त्यातल्या एकाच्या मागचा क्रमांक आणि फिटरच्या कर्जाच्या कागदावरचा क्रमांक एकच. पंचनामा केला.

शुक्रवारी काउंटरवरच्या माणसाला बोलावले. टायवाला, बोलण्यात पटाईत, प्रत्येक प्रश्नाला ‘सर, प्रोसेसप्रमाणे’ म्हणणारा. मी लॉजचे नाव काढलेच नाही.

“तुमच्या घरी पितृपक्षात काय खरेदी झाली?”

“काही नाही सर. आई चालू देत नाही.”

“आणि अमावास्येला सहा जणांच्या आयांनी चालू दिलं?”

मी विक्रीची यादी त्याच्यापुढे सरकवली. शून्यांच्या त्या रांगेवरून त्याने शेवटपर्यंत बोट फिरवले. मग टाय सैल केला आणि पाणी मागितले.

पाणी पिऊन तो सांगू लागला. तेव्हा महिना संपत आला होता, कर्जांचे टार्गेट भरले नव्हते आणि वरून रोज फोन येत होते. चौकशी करून गेलेल्या सहा कामगारांच्या प्रती त्याच्या खणात होत्या. त्यांच्या नावावर कर्ज टाकले, फोन नंबर स्वतःचा दिला, टीव्ही लॉजला विकले. आलेल्या पैशांतून सगळ्यांचे हप्ते भरत राहायचे ठरवले होते. दोन भरले, मग दिवाळीत पैसे संपले. फिटरची नोकरी नेमकी तेव्हाच जावी, हा निव्वळ योगायोग.

गुन्हा दाखल झाला, पण आरोपीच्या जागी नाव बदलून. वसुलीवाल्याला शनिवारी बोलावले. कंपनीकडून सहाही कर्जे रद्द केल्याचे पत्र त्याने स्वतः आणून दिले आणि फिटरसमोर उभा राहून म्हणाला, “दादा, चुकलं आमचं.”

“ठीक आहे. घरी या कधीतरी,” फिटर म्हणाला. “पण टीव्ही बघायला नका येऊ.”

दाखला शनिवारी संध्याकाळी गेला. सोमवारी तो पहिल्या पाळीला रुजू झाला.

दोन महिन्यांनी आई आणि मुलगा ठाण्यात आले. पगार जमा झाला होता.

“साहेब, टीव्ही घ्यायचाय. रोखीनं. कधी घेऊ?” मावशीने विचारले.

“मला काय विचारता? तारीख तुम्हीच सांगा.”

“पाडव्याला घेते मंग. तुमच्या कागदावर लिव्हून ठेवा.”

मी लिहिले. त्या प्रकरणाने शिकवले ते एवढेच, की लोक कसे राहतात हेही माहितीतच येते. ते कोर्टात सांगता येत नसले, तरी कुठे शोधायचे ते सांगते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कागदावर तीनच रकाने आखले. ‘संबंध नाही’ हा रकाना पुन्हा काढला नाही. हवालदार म्हणाले, बरे झाले साहेब, कागद तरी वाचला.