मजुरीत घातलेला दिवा

मालवाहतुकीच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं: गॅरेजकडून आलेली दुरुस्तीची बिलं तपासायची. ऑफिसात त्यांना सगळे 'लालपेन' म्हणत. पाठीमागेही म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्यांना स्वतःलाच ते नाव भारी आवडायचं. क्लच प्लेट बदलली म्हणता? मग जुनी कुठाय? आणा, दाखवा. दोन बोल्ट आवळायला तीन तासांची मजुरी? कोण आवळत होतं, मुंगी? आणि बिलात खाली 'इतर किरकोळ साहित्य' अशी ओळ दिसली, की लालपेनच्या अंगात वारंच शिरायचं. गॅरेजवाले त्यांना टरकून असत.

घरीही तेच. मुलगा कमवायला लागला, त्यानं गाडी घेतली, तेव्हा त्याला पहिलं बिल समोर ठेवून त्यांनी तासभर शिकवलं. पार्टचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे. काम वाढलं तर गॅरेजवाल्यानं आधी फोन करायला हवा. जुना पार्ट पिशवीत घालून परत मागायचा, घरी आणून फेकलास तरी चालेल, पण मागायचा. मुलगा हुशार, त्यानं सगळं उचललं.

अशा माणसावर मान खाली घालायची वेळ सहसा येत नाही. लालपेनवर ती आली सत्तराव्या वर्षी, आणि आयुष्यभराची कसर काढून गेली.

त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं मुलानं बजावलं होतं. "बाबा, चावी कपाटात ठेवतोय. लपवत नाही, पण तुम्ही घेऊ नका." लहान पोराला सांगावं तसं! ते त्यांना फार लागलं होतं. मग मुलगा कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेला, सून ऑफिसला गेली, आणि लालपेननी कपाट उघडलं. काम काडीचं नव्हतं. टायरमध्ये हवा कमी वाटते, असं त्यांनी स्वतःलाच पटवलं. हवा भरून झाली, परत आले, आणि फाटकातून आत वळताना डावीकडचा खांब काही त्यांना दिसला नाही. हेडलाइट फुटला, वरचा पत्रा आत गेला. वॉचमन नेमका जागेवर नव्हता. कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही.

दोन गल्ल्या सोडून मिस्त्रीचं गॅरेज होतं. एका शटरचं, पुढे पत्र्याची शेड, आत एक टेबल. दोन बिल्डिंगमधल्या मिळून अठरा गाड्या त्याच्याकडे यायच्या, त्यावरच त्याचं घर चालायचं. लालपेन गाडी तशीच तिकडे घेऊन गेले. मिस्त्रीनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं जुन्या बाजारातून तसलाच हेडलाइट आणून बसवला, पत्रा ओढून सरळ केला, वर रंगाचा हात मारला. नीट वाकून पाहिल्याशिवाय कळणार नाही, असं काम.

आता पैसे. पैसे बँकेत होते, पण खात्यातून रक्कम निघाली की मुलाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. ती सोय मुलानंच प्रेमानं करून दिलेली.

"पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला येईल गाडी," लालपेन म्हणाले. "त्या बिलात घाल. मुलाचे पैसे मी नंतर बघतो."

मिस्त्री हातातला फडका तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतोय. पार्टमध्ये घालू नकोस, तो जुना पार्ट मागेल. मजुरीत घाल. मजुरी काही कुणी पिशवीत घालून परत मागत नाही."

"आणि विचारलं तर?"

"नाही विचारणार. विचारलंच, तर मी आहे ना."

बघा म्हणजे! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलात ज्या खाचाखोचा शोधल्या, त्यातलीच सगळ्यात चांगली खाच माणसानं स्वतःसाठी काढली. आणि वर त्या रात्री त्यांना छान झोपही लागली.

महिन्याभरानं शनिवारी बापलेक सर्व्हिसिंगची गाडी आणायला गेले. लालपेन पुढच्या सीटवर जाऊन बसले. मुलगा टेबलापाशी बिल वाचत उभा राहिला. तीन-चार गिऱ्हाइकं होती, बिल्डिंगचे सेक्रेटरीही होते.

"ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड," मुलगा मोठ्यानं वाचायला लागला. "आणि याची मजुरी साडेपाच हजार? किती तास धरलेत, मिस्त्री?"

"जरा काम निघालं जास्तीचं."

"काय निघालं? बिलात कुठे आहे? मला फोन का नाही केलात?"

एकेक प्रश्न लालपेनच्या शाळेतला. सेक्रेटरींनी कान टवकारले. मिस्त्रीनं एकदाच, फक्त एकदाच, गाडीच्या काचेतून लालपेनकडे पाहिलं.

आता उतरायचं, लालपेननी स्वतःला सांगितलं. दार उघडायचं आणि म्हणायचं, अरे, थांब. पण हात दाराकडे जाईना. तो गेला सीटबेल्टकडे. बेल्ट लावलेला नव्हताच, तरी ते मान खाली घालून तो सोडवत बसले.

"इतकी वर्षं विश्वासानं येतोय आम्ही," बाहेर मुलाचा आवाज चढला. "सरळ चोरी आहे ही. चोर आहात तुम्ही!"

"चुकलं माझं, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्यानं मजुरीतले चार हजार बिलावर खोडले.

गाडी सुरू करताना मुलगा खुशीत होता. "बघितलंत ना, बाबा? शेवटी शिष्य कुणाचा!" घरी पोचायच्या आत बिलाचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर गेला, खाली शाबासक्यांची रांग लागली, आणि कुणीतरी लिहिलं, काकांच्या तालमीत तयार झालाय तो.

त्या आठवड्यात मिस्त्रीकडे एकही गाडी गेली नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि लालपेनची पाठ थोपटून गेले. दूध आणायला लालपेन गॅरेज टाळून लांबच्या गल्लीनं जाऊ लागले. जेवताना घास फिरायचा. सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊ या का?" तर तिच्यावरच खेकसले. आरशासमोर दाढी करताना सुद्धा स्वतःच्या नजरेला नजर देववेना. मी आहे ना, असं त्या माणसाला छातीठोक सांगितलं होतं. कुठे होतास रे तू? बेल्ट सोडवत होतास!

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीबद्दल मीटिंग होती. टाकीचं बोलणं संपता संपता लालपेन उभे राहिले.

"मला एक सांगायचंय. मिस्त्रीनं पैसे खाल्ले नाहीत. चावी घेऊन गाडी मी बाहेर काढली आणि त्या खांबाला ठोकली. हेडलाइट, पत्रा, रंग, सगळं त्यानं करून दिलं. मुलाला कळू नये म्हणून ते मजुरीत घालायला मीच सांगितलं. हा त्याला चोर म्हणत होता, तेव्हा मी गाडीत बसून होतो. तोंड उघडलं नाही मी."

मुलगा लालेलाल झाला होता, तो फरशीकडे बघत होता. मग कुणीतरी हसलं. "अहो काका, एवढंच ना! आम्हाला वाटलं काय नि काय!" मग बाकीचेही हसले. या वयात असं व्हायचंच, असंही एक बाई म्हणाल्या. लालपेनला वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे आता गाड्या परत त्याच्याकडे न्यायला हरकत नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "काका, तुम्ही सांगितलंत, मन मोठं तुमचं. पण याचा अर्थ काय झाला? सांगणारा भेटला, की तो खोटं बिल लिहून देतो. आज तुमच्यासाठी तुमच्या मुलाला दिलं. उद्या माझा ड्रायव्हर सांगेल, तर मला देईल. खरं की नाही?"

माना डोलल्या. हेच बिल लालपेनच्या ऑफिसच्या टेबलावर आलं असतं, तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, आणि त्या गॅरेजचं नाव कायमचं खोडलं असतं. मिस्त्रीला सोडवायला गेले आणि होती नव्हती ती बाजूही घालवून बसले.

जिना चढताना मुलगा मध्येच थांबला. "मला सांगायचंत ना, बाबा. काय केलं असतं मी? ओरडलो असतो, बास." दोन पायऱ्या चढून म्हणाला, "सगळ्यांसमोर चोर म्हटलं हो मी त्याला. माफी मागायला हवी. आत्ताच जातो."

"उद्या जा," लालपेन म्हणाले. "आधी मला जाऊ दे."

सोमवारी त्यांनी बँकेतून पैसे काढले. मेसेज गेला तर गेला. गॅरेजमध्ये शेड रिकामी होती, मिस्त्री पाने पुसून फळीवर लावत होता. लालपेननी पैसे पुढे केले. तो नको वगैरे काही म्हणाला नाही, त्यानं घेतले. मग टेबलाशी बसून कोरं बिल काढलं आणि लिहिलं: जुना हेडलाइट, पत्राकाम, रंग, मजुरी. प्रत्येकाची वेगळी ओळ, खाली सही. लालपेननी ते सवयीनं वाचलं. एकही ओळ जास्तीची नव्हती.

"मी कालच सगळ्यांना खरं सांगितलंय," ते म्हणाले.

"कळलं मला. वॉचमन सांगून गेला. सेक्रेटरी काय म्हणाले, तेही सांगून गेला."

लालपेन स्टुलावर टेकले. "मिस्त्री, एक सुचवू? मी रोज सकाळी इथे येऊन बसत जातो. येईल त्याला बिलातली ओळ न् ओळ समजावून सांगतो. हळूहळू लोकांचा विश्वास..."

"काका," मिस्त्री म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा खालीच होता. "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही इथे बसू नका. तुम्ही दिसलात, तर लोक म्हणतील, खोटी बिलं शिकवणारा मास्तरच बसवलाय यानं."

लालपेननी मान हलवली.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी हळू झाली. शेजारच्या बिल्डिंगची होती. आतला माणूस आत वळावं की पुढे जावं, अशा विचारात दिसत होता. मिस्त्रीनं त्या गाडीकडे पाहिलं आणि मग लालपेनकडे पाहिलं. लालपेन लगबगीनं उठले आणि त्या माणसाला दिसायच्या आत, तेलाच्या डब्यांमागच्या दारानं बाहेर पडले.