वास्कोचा डावा पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सावंतवाडीच्या भावाला नाही, इथल्या एकाही मित्राला नाही. चार-पाचदा अगदी तोंडाशी आलं होतं — आणि मी विषय बदलला. आता लिहायला बसलोय तरी तीनदा उठून आलो. एकदा एसी कमी करायला, एकदा दार लागलंय का बघायला, तिसऱ्यांदा कशाला उठलो तेही आठवत नाही. तुम्हाला सांगायला सोपं जावं, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण सोपं जात नाहीये.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे आधी सांगतो, कारण सगळं इथेच अडकलंय. साडेचार वर्षं अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि मग अजमानजवळच्या एका फुटबॉल क्लबात नोकरी धरली. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, नाव राहू द्या. तिथे मॅनेजरपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे मला ‘मसाज’ म्हणायचे. “मसाज, यल्ला, चल लवकर!” “अरे, मसाज किधर गया?” पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला दुरुस्त करायचो. मग बोलायचं सोडलं. ऐकू येणं मात्र बंद झालं नाही.

वास्को आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावचा, बाप मासेमारीच्या बोटीवर. डावा बॅक. म्हणजे जागा बचावातली, पण चेंडू मिळाला की डाव्या रेषेवरून सुसाट पुढे जायचं, गोलसमोर चेंडू टाकायचा आणि तितक्याच वेगाने मागे यायचं. नव्वद मिनिटं हेच. दम आणि पाय, दोन्ही लागतात. वास्कोकडे दोन्ही होतं. बाराव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबाने उचललं होतं आणि अठराव्या वर्षी ‘उंची कमी पडते’ म्हणून घरी पाठवलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला, आणि मग एजंटने इकडे धाडला. एका वर्षाचा करार. त्याचा हिशेब साधा होता — इथे एक वर्ष गाजवायचं, इथल्याच मोठ्या क्लबात जायचं, आणि मग ताठ मानेने परत आपल्या देशात.

त्याला इंग्रजी यायचं नाही. पहिल्याच दिवशी लॉकरपाशी उभा राहून खुणा करत काहीतरी मागत होता — “शाव्ह, शाव्ह.” मी म्हटलं, “चावी?” तो एकदम वळला. मग आम्ही दोघं खोलीभर वस्तू दाखवत फिरलो. साबण, बादली, मेज. त्याच्याकडेही जवळपास तेच शब्द. पाव म्हटल्यावर तर त्याने मला मिठीच मारली. गोव्याच्या सीमेवरचा माणूस मी, हे शब्द आले कुठून हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं. त्याला वाटलं, आपलं कोणीतरी भेटलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो जेवायला आमच्याकडे. सुनीता, माझी बायको, बांगड्याचं तिखलं करायची. तो घाम पुसत खायचा आणि पुन्हा वाढून घ्यायचा. माझी मुलगी त्याला इंग्रजी शिकवायची. “बाबा, हा ऑल्वेज ‘आय हॅव हंगर’ म्हणतो,” म्हणून हसायची.

एका दुपारी त्याने त्याच्या गावच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. त्याला तिकडे मसाजिस्ता म्हणतात. हा म्हातारा पोरांचे घोटे बांधायचा, बूट सुकवायचा, घरून सूप आणायचा. वास्कोला मोठ्या क्लबाने काढून टाकलं तेव्हा स्टेशनवर न्यायला बाप आला नव्हता, तो बोटीवर होता. हा म्हातारा आला होता. वास्कोने हे सांगितलं, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथे, माझा मसाजिस्ता तू.” मला त्याचा अर्थ नीट कळला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला ‘माझा गैरसमज झाला’ असं म्हणण्याची सोय नाही.

फेब्रुवारीत दुबईच्या एका मोठ्या क्लबाची माणसं त्याला बघायला आली. एक डायरेक्टर, एक कोच, एक इजिप्शियन डॉक्टर. वास्को त्या दिवशी असा काही खेळला की आमचा मॅनेजरसुद्धा फोन खिशात घालून बघत राहिला. सराव संपल्यावर डायरेक्टर सगळ्यांशी हात मिळवत आला. माझ्यापाशी थांबून म्हणाला, “आणि आपण?” मी तोंड उघडायच्या आत वास्कोने माझ्या खांद्यावर हात टाकला. मोठ्याने, अभिमानाने म्हणाला, “माय मसाजिस्ता! माय मसाज मॅन!”

डायरेक्टर हसला. स्वतःचा खांदा दाबून दाखवत म्हणाला, “मग माझाही धर की हबीबी,” आणि पुढे गेला. वाईट माणूस नव्हता तो. पण आमचा मॅनेजर खदाखदा हसला, बाकीचे हसले, वास्कोही हसला — त्याला विनोद कळलाच नव्हता. माझे कान तापले. इतकंच झालं होतं. खरंच इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता त्या इजिप्शियन डॉक्टरचा फोन आला. मी पार्किंगमध्ये गाडीत बसत होतो. सीट पोळत होती. डॉक्टर अदबीने बोलत होते — एमआरआय क्लीन आहे, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, उद्या सह्या होतील इन्शाल्ला. “पण डॉक्टर, तुम्ही त्याला रोज बघता. मला माहीत असावं असं काही आहे का?”

डॉक्टर. मला ते डॉक्टर म्हणाले. कोणीतरी शेवटी मला विचारत होतं. आणि मी काय केलं? मी थोडा थांबलो. मुद्दाम थांबलो — बोलू की नको, अशा भल्या माणसासारखा. मग म्हणालो, “डावं हॅमस्ट्रिंग. या सीझनमध्ये तीनदा धरलंय. स्कॅनमध्ये दिसत नाही, पण वेगात गेला की मला खात्री वाटत नाही.”

मांडीच्या मागचा स्नायू असतो तो. धावणाऱ्याचं सगळं त्यावर. आणि वास्कोचा तो स्नायू एकदाही दुखला नव्हता. एकदाही.

फोन ठेवला. लगेच परत फोन करता आला असता. नंबर समोरच होता. मी गाडी सुरू केली आणि मुलीला शाळेतून आणायला गेलो. वाटेत तिच्यासाठी ज्यूस घेतला.

ऑफर मागे घेतली गेली. कारण — मेडिकल. वास्को माझ्या खोलीत आला तेव्हा रडत नव्हता, नुसता गोंधळला होता. “माझ्या पायात काय आहे? तू सांग.” तुम्हीच विचार करा, खरं सांगणं किती सोपं होतं तेव्हा! नाहीतर निदान ‘काही नाही’ एवढं तरी म्हणायचं. पण काही नाही म्हटलं तर मग त्यांना कोणी सांगितलं, हा प्रश्न आला असता. मी त्याला टेबलवर पालथं झोपवलं. बोटांनी स्नायू चाचपला.

“इथे दुखतं?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.” मी जरा जोरात दाबलं. “कदाचित... थोडं.”

ते ‘थोडं’ मी माझ्या बोटांनी तयार केलं. त्यानंतर सहा आठवडे मी त्या धडधाकट पायावर उपचार केले. बर्फ, पट्ट्या, व्यायाम, सगळं. फाइलमध्ये नोंदी लिहिल्या, सुवाच्य अक्षरात. तो दर वेळी थँक यू म्हणायचा.

मग मैदानावर ते दिसायला लागलं. तो रेषेवरून निघायचा आणि अर्ध्या मैदानाशी वेग कमी करायचा. कोच ओरडायचा, “यल्ला वास्को, गो!” तो मांडीला हात लावायचा. शेवटच्या चार सामन्यांत तो पुढे गेलाच नाही. मागे उभा राहून सुरक्षित चेंडू देत राहिला. असा बॅक कोणाला हवा असतो? मे महिन्यात क्लबने करार संपवला, खलास. मीच त्याला विमानतळावर सोडलं, सुनीताही सोबत आली. सुनीताने आमसुलं आणि लोणचं बांधून दिलं होतं. परतताना ती गाडीत म्हणाली, “नशीबच खराब हो त्याचं.” मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तो परत गेला, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दोन वर्षं खेळला, मग चौथ्या, मग सोडलं. आता मासळीच्या शीतगृहात सुपरवायझर आहे. हे सगळं तोच कळवतो. सणाला मेसेज करतो, कुठल्या सणाला काय म्हणायचं ते माझ्या मुलीला विचारून.

या जानेवारीत तो बायकोला घेऊन दुबई बघायला आला. दुबईच्या जुन्या देरा भागात, खाडीच्या धक्क्याजवळच्या एका मासळीच्या हॉटेलात आम्ही दुपारी जेवायला भेटलो. सुनीताला ऐन वेळी ताप आला म्हणून मी एकटाच गेलो. वास्कोचं वजन वाढलंय. बायको शाळेत शिकवते, चांगलं इंग्रजी बोलते. जेवता जेवता तिने मला विचारलं, “हा खरंच इतका चांगला खेळायचा? हा सांगतो, पण तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय.”

मी म्हटलं, “खूप चांगला. इतका चांगला डावा बॅक मी इथे दुसरा पाहिला नाही.”

“मग झालं काय?”

 वास्कोने माझ्याकडे पाहिलं — मी सांगावं म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. तो फक्त वाट बघत होता. बाहेर लाकडी बोटींवर कोणीतरी फ्रिज चढवत होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो, खाली ठेवला. वेळ भरपूर होता.

“पाय,” मी म्हणालो. “पायाने साथ दिली नाही.”

तिने त्याचा हात हातात घेतला. तो हसला, आणि माझ्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला. मी तो खाल्ला.

त्याच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.