विरजणाचा डबा

कचऱ्याच्या डब्यांच्या दुकानात कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण औरंगपुऱ्यात सलीमभाईंच्या काउंटरवर बसून मला बारा वर्षं झाली आणि किस्से रोज थोडे थोडे साठत गेले. किस्से न्यायला घंटागाडी येत नाही, म्हणून सांगून टाकतो.

*

शेंद्र्याच्या एका पाटलांनी घरी खत करायला जाळीचा मोठा कंपोस्ट बिन नेला. महिन्यानं परत हजर. "अजून दोन द्या."

"एवढं खत निघालं?"

"खत कशाचं! कांदा ठेवलाय. एक सडला नाय."

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "आपण तो सडवायलाच दिला होता ना?"

*

एका ऑफिसला ओल्या-सुक्याचे हिरवे-निळे डबे दिले. आठवड्यानं गेलो, तर डबे कोरे करकरीत आणि चहाचे कप भिंतीशी. शिपाई म्हणाला, "साहेबांच्या हातनं उद्घाटन व्हायचंय. तोवर हात लावायचा नाय."

साहेब महिनाभर ट्रेनिंगला गेले होते.

*

नव्या बिनमध्ये आधी मूठभर जुनं खत घालावं लागतं. आम्ही त्याला विरजण म्हणतो. आमचं विरजण दाराशी ठेवलेल्या एका बिनमध्ये असायचं. ते सलीमभाईंच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, लावलेलं. भाभी जाऊन तीन वर्षं झाली, तरी सलीमभाई रोज सकाळी घरची सालं आणून त्यात टाकायचे.

गल्लीतल्या काळे काकूंना त्यांच्या बिनसाठी भाभींनी त्यातलंच थोडं विरजण स्टीलच्या डब्यातून दिलं होतं. काकू दिसल्या की सलीमभाई विचारायचे, "काकू, आमचा डबा?"

"रिकामा कसा देऊ? काही केलं की देते."

अशी पाच वर्षं गेली.

*

मागच्या महिन्यात सलीमभाई फर्दापूरला गेले होते. एका कँटीनच्या ऑर्डरला एक बिन कमी पडला. मी दाराशी असलेला बिन घंटागाडीत रिकामा केला, धुतला आणि पाठवून दिला. खत काय, परत होईल, असं वाटलं मला.

सलीमभाई आले. रिकामी जागा बघितली.

"धोया भी?"

"हो."

"चहा सांग," म्हणाले आणि बसले.

दोन दिवस ते सालांची पिशवी सकाळी आणायचे आणि संध्याकाळी तशीच घरी न्यायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मी काळे काकूंकडं जाऊन सगळं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या आणि स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला. "घ्या सलीमभाई. रिकामा नाही देत."

सलीमभाईंनी झाकण काढलं. आत काळंभोर, भुसभुशीत खत होतं. त्यांनी वास घेतला.

मग मला म्हणाले, "काल आलेल्या मालातला एक बिन काढ. और उसपे मोटे अक्षर में लिख, बेचने का नइं."