घाट चढणारी गाडी

माझे सासरे सुरगाण्याच्या पलीकडे एका पाड्यावर राहतात. त्यांच्या फुप्फुसाचा आजार बरा होणारा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्यांना नाशिकला आणण्याचं काम माझ्याकडे आहे. वडापच्या जीपमध्ये त्यांना पंधरा माणसांत कोंबणं शक्य नव्हतं. पाड्याचा खडकाळ चढ चढेल अशी गाडी आमच्यात एकच, माझी जुनी फोर बाय फोर.

त्यांना पाय उचलून पुढच्या सीटवर चढता येत नाही. म्हणून मी गाडी उलटी घेत ओटीला लावतो. मागचं दार उघडलं की ओटी आणि गाडीची फळी एका उंचीवर येतात. ते एक पाऊल टाकतात आणि उशांना टेकून बसतात. इंजिन मी बंद करत नाही. एकदा बंद केलं होतं, तर गाडी ढकलायला अर्धा पाडा लागला. त्या भागात सगळ्यांच्याच गाड्या अशा घुरघुरत उभ्या असतात, आणि निरोप काही लवकर आटपत नाहीत.

गेल्या वर्षी नाशिककडे येताना घाटात गाडीचा दम गेला. पहिल्या गिअरमध्येही चढेना. मागे सासरे तोंड उघडून श्वास घेत होते, बायको त्यांची पाठ चोळत होती. पाऊण तास आम्ही तिथंच. अखेर एका ट्रकवाल्यानं दोर बांधून वर ओढलं.

सातपूरच्या मिस्त्रीनं गाडी पाहिली आणि तो हसला. म्हणाला, ‘‘भाऊ, तुम्ही गाडीला मास्क लावून घाट चढवताय.’’ सायलेन्सरमधली धूर साफ करणारी जाळी काजळीनं बुजली होती. जाळी काढून टाकायची आणि धूर परत इंजिनात नेणाऱ्या नळीला पत्रा मारायचा, म्हणजे गाडी पळेल, असं त्याचं म्हणणं. सगळे करतात, कोणी बघत नाही, हेही त्यानं सांगितलं.

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. मी ज्या कारखान्यात तपासणीला आहे तिथं सायलेन्सरचेच डबे तयार होतात. सुईएवढी गळती सापडली तरी मी डबा बाजूला काढतो. नवीन मुलांना ती जाळी कशासाठी असते ते मीच शिकवतो. तरी मी त्याला नको म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. ‘‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा,’’ एवढं बोलून मी ड्युटीवर गेलो. पुढे कधी बोलणं आलंच तर ठरवणारा मी नसावा, म्हणून बोललेलं ते वाक्य होतं. आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

गाडी खरंच पळू लागली. सासरे खूश झाले. ‘‘जावईबापू, आता लय ताकद आली हिला,’’ ते घाटात म्हणाले. मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता काळा झाला होता.

मग दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर असतो का? बायको म्हणाली, नाही, चूल बंद करून वर्ष झालं, गॅस आहे. ती अभिमानानं सांगत होती. चूल बंद करायला तिनं आईशी किती भांडणं केली होती. मी शेजारी उभा होतो. सायलेन्सरचं तोंड ओटीकडे असतं, सासरे गाडीच्या मागच्या दारात बसून सगळ्यांचा निरोप घेतात, तोवर धूर सरळ घरात जातो, हे मला त्या क्षणी दिसलं. चार महिने मी ते करत होतो.

मिस्त्रीकडे गेलो. जुनी जाळी भंगारात गेली होती. नवीन बसवली तरी आधी इंजिन उघडावं लागेल, नाहीतर ती पुन्हा बुजेल. काम महिन्याभराचं, सुटे भाग मिळाले तर. महिनाभर गाडी नसली तर सासऱ्यांच्या दोन खेपा चुकणार. डॉक्टर म्हणतात, एकही चुकवू नका.

घरी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला गाडी खाली रस्त्यावरच, उतारावर इंजिन बंद करून उभी केली. मेहुण्यानं आणि शेजाऱ्यानं सासऱ्यांना खुर्चीत बसवून तो चढ उतरवला. दोन ठिकाणी थांबावं लागलं. उन्हात ते डोळे मिटून बसले होते.

‘‘गाडी वर का नाही आणली?’’ बायकोनं विचारलं.

‘‘क्लच घसरतोय,’’ मी म्हटलं.

‘‘मग घाट कसा चढणार?’’

मी सासऱ्यांना आत बसवलं, मागचं दार लावलं, काचा वर केल्या आणि चावी फिरवली. रिकामी खुर्ची धरून ते दोघं मागेच उभे होते. धुरात ते क्षणभर दिसेनासे झाले, मग मेहुणा तोंडावर उपरणं धरून बाजूला सरकला. बायकोनं मान वळवून मागच्या काचेतून ते पाहिलं आणि नंतर ती माझ्याकडे बघत राहिली. मी गिअर टाकला.